दंडाला पट्टा, स्नायूला हाक
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, खूप वेळ एका जागी बसल्यावर पायाला मुंग्या येतात, हा अनुभव ज्याने घेतला नाही असा माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. कीर्तनाला बसलेल्याला तो येतो, लग्नाच्या पंगतीत बसलेल्याला येतो, आणि नमाजातल्या शेवटच्या बैठकीत, म्हणजे कायद्यात, अंमळ जास्त वेळ बसावं लागलं तर आम्हालाही येतो. उठताना पाय आपला नाहीच असं वाटतं. आपण क्षणभर भिंतीचा आधार घेतो, पाय झटकतो आणि चालू लागतो. विषय तिथे संपतो.

१९६६ साली जपानमधल्या एका अठरा वर्षांच्या मुलाने मात्र तो संपवला नाही. योशिआकी सातो हे त्याचं नाव. एका बौद्ध धार्मिक विधीला तो बसला होता. जपानी लोक अशा वेळी गुडघे मुडपून टाचांवर बसतात. त्या बसण्याला ते 'सेइझा' म्हणतात. आपल्या वज्रासनाची आणि आमच्या कायद्याची ती सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही. विधी लांबला, पाय बधिर झाले. या मुलाला वजनं उचलून शरीर कमावण्याचा नाद होता. पोटऱ्या चोळताना त्याच्या लक्षात आलं, की पोटरी अशी टणक आणि भरल्यासारखी आपल्याला एरवी एकाच वेळी लागते, ती म्हणजे भरपूर व्यायाम झाल्यावर. आता तर आपण नुसते बसलो होतो. मग हे झालं कसं?

त्याने असा तर्क केला, की बसल्यामुळे पायातलं रक्त अडलं असणार आणि त्या अडण्याचाच या टणकपणाशी संबंध असणार. पुढची काही वर्षं हा माणूस स्वतःच्याच हातापायांना काय काय बांधत बसला. ज्यूदोचे पट्टे, सायकलच्या ट्यूब, दोऱ्या. कुठे बांधायचं, किती आवळायचं, किती वेळ ठेवायचं, याच्या नोंदी ठेवत गेला. १९७३ साली बर्फावर घसरण्याच्या खेळात त्याचा घोटा मोडला आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. प्लॅस्टरमधला पाय काही आठवड्यांत वाळतो, हे आपण पाहिलेलं असतं. सातोने मांडीच्या वरच्या भागाला पट्टा बांधायचा, काही सेकंद आवळायचा, सोडायचा, आणि आवळलेला असताना आतल्या आत स्नायू ताणायचे, असा क्रम दिवसातून अनेक वेळा चालू ठेवला. त्याच्या सांगण्याप्रमाणे पाय अपेक्षेइतका वाळला नाही. ही एका माणसाने स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट आहे आणि तिला तेवढीच किंमत द्यावी. पण पुढे प्रयोगशाळांनी या विषयात लक्ष घातलं ते तिच्यामुळेच. या पद्धतीला त्याने नाव दिलं 'काआत्सु'. 'का' म्हणजे वाढवणे, 'आत्सु' म्हणजे दाब. इंग्रजी वैद्यकात तिला आज बी.एफ.आर. म्हणतात, रक्तप्रवाहाला लगाम घालून केलेला व्यायाम, असं आपण म्हणू.

आता लगाम घातल्याने स्नायूला बळ कसं येईल? रक्त म्हणजे प्राणवायू, रक्त म्हणजे अन्न. ते कमी केलं तर स्नायू उपाशी मरायला हवा. हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी स्नायू कामाला कसा लागतो ते आधी पाहावं लागेल.

इथे भाषेची एक गंमत सांगण्याचा मोह मला आवरत नाही. दंडाचा स्नायू फुगवला की त्याला आपण बेटकुळी म्हणतो, म्हणजे छोटा बेडूक. आमच्या घरच्या दखनीत आणि उर्दूत तीच 'मछली' होते. इंग्रजीतला 'मसल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ आहे छोटा उंदीर. बेडूक, मासा, उंदीर! कातडीखाली काहीतरी जिवंत पळतंय, असं सगळ्यांनाच वाटलं.

प्रत्यक्षात कातडीखाली हजारो तंतू असतात आणि ते टोळ्याटोळ्यांनी काम करतात. ऊसतोडीला जशी टोळी असते आणि तिचा एक मुकादम असतो, तसंच. इथला मुकादम म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत बसलेली एक चेतापेशी. तिने हाक दिली की तिच्या टोळीतले सगळे तंतू एकदम आकसतात. अर्धे आले, अर्धे घरी राहिले, असं चालत नाही. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत अशा एकेका टोळीत जेमतेम दहा-बारा तंतू असतात. पोटरीसारख्या स्नायूत एका टोळीत हजाराच्या वर असू शकतात.

टोळ्या दोन जातींच्या. लहान टोळ्यांचे तंतू लालसर, चिवट, न थकणारे. पण प्राणवायूवाचून त्यांचं फार वेळ भागत नाही. मोठ्या टोळ्यांचे तंतू दांडगे, जोरकस, पण लवकर दमणारे; ते प्राणवायूशिवायही काही काळ धकवून नेतात. स्नायू जाड होतो तो बराचसा या दांडग्या तंतूंच्या जोरावर. आता कुणाला आधी बोलवायचं याचा एक नियम आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले एलवूड हेनेमन यांनी १९५७ साली तो मांडला आणि पुढच्या काळात पक्का केला. आधी लहान टोळी, मग त्याहून मोठी, मग त्याहून मोठी. चहाचा कप उचलायला शरीर पैलवान बोलवत नाही. पाण्याची भरलेली घागर उचलायची असेल तरच मोठ्या टोळ्यांना हाक जाते.

म्हणूनच व्यायामशास्त्राचा इतकी वर्षं आग्रह होता, की ताकद वाढवायची तर वजन जड हवं. माणूस एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलू शकतो त्याच्या सत्तर टक्के किंवा त्याहून अधिक. हलक्या वजनाने दांडगे तंतू झोपलेलेच राहतात.

पण झोपलेल्यांना उठवण्याची दुसरी वाट आहे. लहान टोळ्यांना इतकं दमवा, की त्यांच्याने काम निभणार नाही. मग शरीराला नाइलाजाने मोठ्या टोळ्या बोलवाव्याच लागतात. आपल्या तालमीतले मल्ल शेकडो जोर आणि बैठका मारतात. शेवटच्या बैठकांना मांड्या थरथरतात, तेव्हा आत हेच चाललेलं असतं. वजन आपल्याच अंगाचं, दुसऱ्या कुणाचं नाही. थकवा मात्र स्नायूच्या तळापर्यंत पोचलेला.

पट्टा हीच थकव्याची वाट आखूड करतो. शाळेत आपण रोहिणी आणि नीला शिकलो. या दोन रक्तवाहिन्यांना इतकी सुंदर नावं कुणी दिली कोण जाणे, पण पाठ करताना त्यामुळे सोपं जायचं. रोहिणी हृदयाकडून रक्त आणते. तिची भिंत जाड, तिच्यातला दाब जास्त. नीला रक्त परत नेते. तिची भिंत पातळ, दाब कमी. दंडाच्या किंवा मांडीच्या अगदी वरच्या टोकाला रुंद पट्टा बेताने आवळला तर आधी नीला दबते. रोहिणीतून रक्त येत राहतं, पण कमी; परत जायची वाट मात्र जवळजवळ बंद. अवयव भरून येतो. प्राणवायू कमी पडतो, काम करताना तयार होणारी आम्लं आणि इतर टाकाऊ द्रव्यं साचतात. प्राणवायूवर जगणाऱ्या लहान टोळ्या लवकर हात टेकतात आणि किलो-दीड किलोच्या वजनालाही मोठ्या टोळ्यांना धावून यावं लागतं.

हे नुसतं कल्पनेत नाही. स्नायू काम करतो तेव्हा त्यात बारीक विद्युत लहरी उठतात आणि त्या कातडीवर पट्ट्या चिकटवून मोजता येतात. हलकं वजन पट्ट्याशिवाय उचललं तेव्हाच्या लहरी आणि तेच वजन पट्टा बांधून उचललं तेव्हाच्या लहरी यांत ठळक फरक दिसतो. पट्टा असताना त्या मोठ्या येतात. मात्र जाहिरात करणारे इथेच थांबतात, आपण थांबू नये. एक तर खरोखर जड वजन उचलताना दिसणाऱ्या लहरी बहुतेक प्रयोगांत याहूनही मोठ्या असतात. दुसरं, लहर मोठी दिसली म्हणजे नेमक्या किती टोळ्या जाग्या झाल्या याची शिरगणती झाली, असं नाही. थकव्यानेही लहरींचा आकार बदलतो. आणि तिसरं, पट्टा न बांधता हलकं वजन अगदी दमून हात खाली पडेपर्यंत उचललं तरी स्नायूची वाढ साधारण तितकीच होते. पट्ट्याने तिथवर पोचायला कमी उठाबशा लागतात, एवढाच त्याचा मोठेपणा. मला तो पुरेसा वाटतो. कारण ज्याचा सांधा दुखतो त्याला एकेक उठाबस मोजून खर्च करावी लागते.

२००० साली टोकियोतल्या युदाई ताकारादा आणि नाओकाता इशी यांच्या गटाने साठीच्या आसपासच्या बायकांवर केलेला सोळा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींनी जड वजनं उचलली, काहींनी हलकी, आणि काहींनी हलकीच पण दंडाला पट्टा बांधून. दंडाच्या स्नायूची जाडी आणि ताकद या दोन्हींत पट्टेवाल्या बायका जड वजनवाल्या बायकांच्या बरोबरीने आल्या. नुसती हलकी वजनं उचलणाऱ्या मागे राहिल्या. या लेखकांत सातो यांचंही नाव होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. ज्याची पद्धत तोच परीक्षकांच्या पंगतीत. पण त्यानंतर अमेरिका, ब्राझील, युरोप इथल्या अनेकांनी स्वतंत्रपणे तपासून पाहिलं. २०१८ साली अशा प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण झालं. त्यात निघालं ते असं: स्नायूची जाडी जवळजवळ सारखीच वाढते, ताकद मात्र जड वजनानेच जास्त वाढते. म्हणजे ज्याला जड वजन उचलता येतं त्याने ते सोडून पट्ट्याच्या मागे लागण्याचं कारण नाही.

याच गटाचा त्याच वर्षीचा दुसरा प्रयोग फार गाजला. पट्टा बांधून व्यायाम केल्यावर रक्तातलं वाढीचं संप्रेरक, ग्रोथ हॉर्मोन, आधीच्या २९० पट झालं. हा आकडा इतका घसघशीत, की व्यायामशाळांतून तो मंत्रासारखा फिरला. पुढे कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की व्यायामानंतर काही मिनिटांपुरती येणारी संप्रेरकांची ही भरती स्नायूच्या वाढीला फारशी कारणी लागत नाही. २००७ साली टेक्सासमधल्या एका प्रयोगात पट्टा बांधून केलेल्या हलक्या व्यायामानंतर तीन तासांनी स्नायूत नवी प्रथिनं बांधण्याचा वेग ४६ टक्क्यांनी वाढलेला आढळला. आज अभ्यासकांचा कल या बाजूला आहे: वाढीचा हुकूम बाहेरून रक्तातून येत नाही, राबणारा तंतू स्वतःच तो देतो.

मी कवितेचा माणूस, पदवी बी.ए.ची. या भानगडीत पडलो तो आमच्या आपामुळे. आपा म्हणजे माझी थोरली बहीण, वय ६८. गुडघ्यांची झीज. नमाज खुर्चीवर बसून, आणि खुर्चीवरून उठताना दोन्ही हातांचा रेटा. डॉक्टर म्हणाले, मांडीचा पुढचा स्नायू वाळलाय, तो मजबूत करा. आपाचा सवाल सरळ होता, "मजबूत करायला वजन उचलायचं, आणि वजन उचललं की गुडघा दुखणार. मग करू काय?"

तिच्या सवालात आणखी एक गुंता होता, तो मला नंतर कळला. गुडघा सुजला की शरीर मांडीच्या त्या स्नायूला जाणारी हाकच दाबून टाकतं. स्नायू शाबूत असतो, इच्छा असते, पण मुकादमाचा आवाज फुटत नाही. त्याने स्नायू आणखी वाळतो, सांध्यावरचा भार आणखी वाढतो, सूज हटत नाही. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर धडधाकट खेळाडूंची मांडीसुद्धा महिन्याभरात बारीक होते ती याचमुळे. अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या लष्करी पुनर्वसन केंद्रात इराक आणि अफगाणिस्तानातल्या स्फोटांत पाय जायबंदी झालेले सैनिक येत. जॉनी ओवेन्स नावाचे फिजिओथेरपिस्ट तिथे होते. पाय वाचला होता, पण भार घेण्याजोगा राहिला नव्हता, अशा सैनिकांसाठी त्यांनी ही पद्धत वापरली आणि तिथून ती अमेरिकेतल्या दवाखान्यांत पसरली. टोकियोचं ऑलिंपिक २०२१ साली झालं, तेव्हा अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल अँड्र्यू असे पट्टे वापरताना दिसला आणि त्याची बातमी झाली. मला विचाराल तर खेळाडूची बातमी दुय्यम. खाटेवरच्या माणसाला याची गरज जास्त आहे. २००६ सालचा एक जपानी प्रयोग तर नुसत्या चालण्याचा होता. पट्टे बांधून दिवसातून दोनदा, थोडा थोडा वेळ, सावकाश चालायचं. तीन आठवड्यांत मांडीचे स्नायू ४ ते ७ टक्क्यांनी वाढले. एरवी सावकाश चालण्याने स्नायू वाढत नाही.

आपाला जिच्याकडे नेलं ती फिजिओथेरपिस्ट मुलगी तिच्या नातीच्या वयाची. तिने आधी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. पायात कधी गाठ झाली होती का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पायावरच्या शिरा फुगतात का, साखर किती, रक्तदाब किती. मग आपाला आडवं करून मांडीला रक्तदाबाच्या यंत्रासारखा, पण चांगला रुंद पट्टा बांधला, घोट्यापाशी डॉप्लरची कांडी धरली. नाडीचा फुसफुस आवाज येत होता. हवा भरत भरत आवाज पूर्ण थांबला तो आकडा टिपला, आणि त्याच्या निम्म्याच दाबावर पट्टा ठेवला. हे महत्त्वाचं. २०१९ साली या विषयातल्या जाणकारांनी मिळून जी मार्गदर्शक भूमिका मांडली, तिच्यात हाच नेम आहे: रक्त पूर्ण थांबवणाऱ्या दाबाच्या ४० ते ८० टक्के. प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो, कारण मांडीचा घेर वेगळा, रक्तदाब वेगळा. पट्टा रुंद असला तर कमी दाब पुरतो. अरुंद असला तर जास्त लागतो, आणि तो नसेवर बोचतो.

व्यायाम दिसायला अगदी साधा. खुर्चीवर बसून, घोट्याला वाळूची छोटी पिशवी बांधून, गुडघा सरळ करायचा. आधी तीस वेळा, मग अर्धा मिनिट थांबून पंधरा, पुन्हा पंधरा, पुन्हा पंधरा. थांबताना पट्टा तसाच. शेवटच्या पंधरांना आपाच्या तोंडून अल्लाचं नाव निघायला लागलं, कारण मांडीत आग पडते. ती पडणारच. पण मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, पांढराफटक किंवा निळा पडला, तर ताबडतोब सोडायचं. सातोची गोष्ट मुंग्यांपासून सुरू झाली म्हणून मुंग्या हे ध्येय समजू नये. मुंग्या म्हणजे नस दबल्याची तक्रार.

आता ज्यासाठी मी हे बोलायला बसलो ते. आमच्या मोहल्ल्यातली पोरं मोबाईलवर काहीबाही पाहून दंडाला रबरी नळ्या, ओढण्या, सायकलच्या ट्यूब करकचून आवळतात आणि बेटकुळी फुगलेली आरशात बघतात. ट्यूब सातोनेही वापरली होती, पण तो १९६० च्या दशकातला एक माणूस होता आणि प्रयोग स्वतःवर करत होता. ट्यूबला दाबाचा काटा नसतो. ती नीला दाबते आहे की रोहिणीसकट नस, हे कळायला मार्ग नाही. जपानमध्ये ही पद्धत वापरणाऱ्या १०५ केंद्रांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. १२,६४२ लोकांची माहिती त्यात होती. कातडीखाली रक्त साकळणं शंभरातल्या तेरा जणांना झालं होतं. त्याने फारसं बिघडत नाही. रक्ताच्या गुठळ्या ०.०५५ टक्के, फुप्फुसात गुठळी जाण्याचा प्रकार ०.००८ टक्के. आकडे लहान आहेत, पण ते शिकलेल्या देखरेखीखालचे आहेत. देखरेख नसलेल्या पोरांची मोजदाद त्यात नाही.

आणि महाराष्ट्रापुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. या आजारात प्राणवायू कमी झाला की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. पट्टा बांधून आपण नेमका प्राणवायूच कमी करतो. अनेकांना आपल्या रक्तात हा दोष आहे हेच ठाऊक नसतं. तिथल्या मुलांनी आधी रक्त तपासून घ्यावं. दोष निघाला तर या वाटेला जाऊ नये. गरोदर बाई, पायात गुठळी होऊन गेलेला माणूस, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मधुमेहाने पायाच्या वाहिन्या खराब झालेला रुग्ण, यांनाही हे नको.

काहीही आवळलं की त्यात गुण असतोच, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. साप चावला की वर घट्ट दोरी बांधायची, हे आपण लहानपणी शिकलो. आता डॉक्टर सांगतात, बांधू नका. पाय हलवू न देता दवाखाना गाठा. घट्ट दोरीने विष थांबत नाही, पण खालचा पाय जाऊ शकतो.

तेव्हा कुणी हा व्यायाम सुचवला तर तीन गोष्टी विचाराव्यात. माझा दाब मोजून ठरवणार की अंदाजाने? पट्टा किती रुंद आहे? आणि मला जड वजनाचा व्यायाम झेपत असेल तर हा कशाला? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपाच्या बाबतीत त्या मुलीने पहिल्याच दिवशी देऊन ठेवलं होतं. दोन महिने पट्टा, आठवड्याला तीन वेळा. दरम्यान सूज उतरली की हळूहळू पिशवीत वाळू वाढवायची आणि पट्टा बंद करायचा. आपाची पिशवी आता साडेतीन किलोवर आली आहे. हातांचा रेटा अजून लागतो, पण एकाच हाताचा.